सात नंबरचा बोअर

टिळेकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ताथवड्याच्या एका मोकळ्या प्लॉटवर. ते उकिडवे बसून ओल्या मातीची तळहातावर वळी करत होते. मी नांदेडहून नोकरीसाठी आलेली, हातात प्रमाणपत्रांची फाइल. सरांनी फाइलकडे पाहिलंही नाही. ती मातीची वळी माझ्या हातावर ठेवून विचारलं, "वाघमारे बाई, हिच्यावर घर बांधाल का?" मी म्हणाले, "आत्ताच सांगता येणार नाही, सर." ते म्हणाले, "मग उद्यापासून कामाला या."

सर आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या मोठ्या कामांविषयी पुष्कळजण लिहितील. मला मात्र त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एकमेव चुकीविषयी लिहायचं आहे. चाकणचा सात नंबरचा बोअर हा आपल्या मंडळींत वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय आहे. पण ती हकिकत अर्धीच सांगितली जाते.

बांधकामाआधी ठरल्या जागी जमिनीत खोल भोकं पाडून, म्हणजे बोअर घेऊन, खाली काय लागतं ते तपासायचं आणि पाया किती खोल न्यायचा ते सांगायचं, हे सरांचं काम. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि मालकाला कायम घाई असते. त्या घाईपुढे सर कधी नमले नाहीत. "मुरूम लागला असं लिहून टाका ना," म्हणणाऱ्या एका बड्या माणसाला त्यांनी चहा पाजून तसंच परत पाठवलं होतं. कुणी सत्यनारायणाला बोलावलं तरी सर प्रसादाआधी यजमानांच्या भिंतींना गेलेल्या चिरा बघतात. टिळेकर वहिनी यावरून त्यांना किती बोलल्या असतील, पण फरक शून्य.

त्यांची एक रीत होती. मशीन लावण्याआधी जवळच्या जुन्या घरात जाऊन बसायचं आणि वडीलधाऱ्यांना विचारायचं, इथं पाणी कुठं साचायचं, खळं कुठं होतं, विहीर कुठं होती. चाकणला एका कारखान्याच्या जागेवर मला नेमलं, तेव्हाही सर शेजारच्या घरी गेले. पण आधी माझी सोय बघायला. त्या घरच्या आजींना म्हणाले, "आमच्या बाई दिवसभर इथं असतील. त्यांना मोरी लागेल, पाणी लागेल, एवढं बघा." साइटवर बाईमाणसाची अडचण न सांगता ओळखणारे साहेब मला तोवर भेटले नव्हते. निघताना मला बजावून गेले, "जमिनीचं मात्र तुम्ही विचारून घ्या." मी रोज आजींकडे जेवले, तासन्‌तास गप्पा मारल्या, आणि नेमकं तेच विचारायचं विसरले.

पत्रा दाबणाऱ्या एका अजस्र प्रेस मशीनचा पाया जिथं येणार होता, तिथं सात नंबरचा बोअर घ्यायचा होता. तिथं ड्रिलिंगच्या मशीनचा एक पाय रुतू लागला. ऑपरेटर वैतागला. "मॅडम, हितं मशीन उभं राहीना. जरा बाजूला घेऊ, काय फरक पडतोय?" मी हो म्हटलं. तिथं नऊ फूट खोलीवर घट्ट मुरूम लागला. नकाशावर मात्र मी जुनीच जागा ठेवली. माझ्यावर विश्वास ठेवून सरांनी रिपोर्टवर सही केली.

पाया भरायला दोन दिवस उरले असताना मी आजींचा डबा परत द्यायला गेले. बोलता बोलता त्यांनी खिडकीतून त्या जागेकडे बोट दाखवलं. "तितं आमची हीर व्हती. जिमीन दिली तवा बुजवली. तुला ठावं न्हाई व्हय?" मशीनचा पाय रुतला होता तो तिथंच. त्या प्रेसभोवती तिन्ही शिफ्टना माणसं काम करणार होती.

मी तशीच सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अहो, जिथं मशीन उभं राहत नाही, तिथंच तर बोअर घ्यायचा असतो." आणि गाडीची किल्ली उचलली.

कंपनीत प्रोजेक्टचे साहेब भडकले. "हा गाढवपणा केला कुणी?" मी तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "रिपोर्टवर सही माझी आहे." काम थांबलं, बुजवलेली विहीर सापडली, पाया खडकापर्यंत खाली नेला. ते प्रेस आजही बिनघोर चालतं आहे. पण त्या कंपनीने सरांना पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि "टिळेकरांचाही बोअर चुकतो, राव!" हे वाक्य भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलं. सरांनी दुसऱ्याच दिवशी मला नव्या साइटवर पाठवलं आणि तो विषय कायमचा मिटवला. मीही गप्प राहिले. आधी भीतीनं, मग संकोचानं, पुढे सवयीनं. तुमच्या चेष्टेत मीही हसले आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

हे लिहिण्याआधी सांगवीला सरांच्या घरी जाऊन परवानगी मागितली. "आता कशाला, बाई?" ते म्हणाले. मी हट्ट सोडला नाही. शेवटी म्हणाले, "लिहा. पण किती सरकवला होता ते नीट लिहा. निदान या वेळी तरी."

तर नोंद अशी: चाकणचा सात नंबरचा बोअर नेमलेल्या जागेपासून चौदा फूट पूर्वेला मी, सुनीता वाघमारे हिने, सरांना न विचारता सरकवला. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातला एकही दिवस आता माझी चूक त्यांच्या नावावर न राहो.