गुंजीहून आणलेली ओवी

ये गं शालू, अशी जवळ बस. शाळेत मास्तरीण झालीस, कवितेवर चार पानं निबंध लिहिलास आणि त्यात कवितेची एक ओळ न्हाई? रागवू नको. माझंही असंच झालतं.

इंग्रजांचं राज्य होतं. मी बेळगावात मुलींच्या शाळेत टेंपररी होते. अक्षरं घरीच गिरवलेली, नवरा गेल्यावर परीक्षा दिलेली. शिक्षकांच्या सभेत इन्स्पेक्टरसाहेबांसमोर निबंध वाचायचा होता. आवडला तर नोकरी कायम, न्हाईतर घरी. मी विषय घेतला जात्यावरच्या ओव्यांचा. दळताना बायका गातात, त्या.

पहिला खर्डा, म्हणजे कच्चं लिखाण, हेडमास्तरांना दाखवला.

"बाई, हे आंब्याचं वर्णन झालं. आंबा कुठाय?"

"घालते की दोन ओव्या."

"सगळ्यांच्या तोंडातल्या नकोत. कुणी न लिहिलेली आणा."

म्हणून रविवारी गाडीनं गुंजीला गेले, आईकडं. वही उघडून तिच्यासमोर बसले, म्हटलं, सांग. तिला एक ओळ आठवंना.

"नुसतं तोंडानं कसं सांगू? हात फिराय पाहिजे."

चूक माझीच. सूपभर नाचणी घेऊन दोघी जात्याला बसलो. माझ्या एका हातात खुंटा, दुसऱ्यात पेन्सिल. मग ओव्या थांबंनात. दळण सरत आलं तेव्हा आई म्हणाली,

गाडी आली ठेसनात,
धूर मावंना रानात,
लेक माझी गं मनात,
उतरंना.

माझा हात थांबला. तिचा न्हाई.

"लिहिलीस?"

"व्हय."

"तेवढी खोड. ती शाळंसाठी न्हाई."

"मग कुणासाठी?"

"पीठ भर आता."

परतताना बाकीच्या वाचल्या. चांगल्या होत्या, पण सगळ्यांनी ऐकलेल्या. दुसऱ्या खर्ड्यात हीच मधोमध घातली. खाली अर्थ लिहिला, 'येथे माता कन्येची प्रतीक्षा करते.' हेडमास्तरांनी तांबड्या शाईनं अर्थ काटला, ओवी ठेवली.

"ही आपली आपण कळते, बाई. कुणाची?"

"आहे खेड्यातली एक बाई," मी म्हटलं.

सभेत ती ओवी वाचली. साहेबांनी ती पुन्हा वाचायला लावली. महिन्याभरात ऑर्डर आली. कायम. नेमणूक निपाणीला.

निपाणीला रेल्वे न्हाई गं. गुंजीला जाणं दिवाळीपुरतं उरलं. पहिल्याच दिवाळीला आईनं विचारलं, "ती खोडलीस नव्हं?"

"खोडली."

"बरं केलंस," म्हणाली. पण माझ्यासमोर जात्यावर आई पुन्हा कुठलीच ओवी गायली न्हाई.

निबंधाचं म्हणशील तर एवढंच, ओळ घ्यायची तर देणाऱ्याला विचारून घे, आणि अर्थ लिहायची घाई करू नको. तुझी पानं ठेवून जा, खुणा करून ठेवते. न्यायला मात्र कुणाला धाडू नको, तूच ये. येत्या रविवारी ये, जेवायलाच.