प्लसला प्लस

आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेताना काशीमीऱ्याला गाडीची बॅटरी उतरली. हॉस्पिटलची वेळ चुकणार म्हणून आई मागे बसून देवाला आणि मला आळीपाळीने बोलत होती. तेवढ्यात फुलांनी सजवलेली गाडी थांबली आणि त्यातून चक्क नवरदेव उतरला. त्याच्या बॅटरीवरून माझी गाडी सुरू करायला त्याने डिकीतून केबल काढल्या.

"जोडतो मी," मी म्हणालो. मी पडलो अभ्यासू. इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात, हे मला ठाऊक. म्हणून त्याच्या मायनसची वायर मी ऐटीत माझ्या प्लसला लावायला निघालो.

नवरदेवाने मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि माझं मनगट धरलं. "काका, भडका उडवताय!"

"अरे, पण इलेक्ट्रॉन..."

"ते उलटेच जातात हो. त्यांचा शोध लागायच्या आधीच लोकांनी करंटचा बाण प्लसकडून मायनसकडे काढून ठेवला होता. बाण कसाही काढा, प्लसला प्लसच लागतो. माझी वरात उलट्या रस्त्याने नेली म्हणून नवरा बदलेल का?"

"ह्याचं लहानपणापासून असंच आहे," आईने खिडकीतून त्याला सांगितलं.

त्याने स्वतःच केबल जोडल्या आणि गाडी सुरू झाली. तिकडे "मुहूर्त टळेल रे!" असा ओरडा चालला होता, तरी त्याने निवांत केबल गुंडाळल्या, आईला नमस्कार केला आणि गेला. नाव विचारायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आईने मला नीट न्याहाळलं, फारशी खूश झाली नाही. मग म्हणाली, "तो पोरगा दिसायला कसा होता रे?"

मला त्याचे फक्त हात आठवत होते. मेंदीवर बॅटरीचा काळा मळ लागलेले. तेवढं सांगितलं.

"मग देखणाच असणार," आई म्हणाली.