आधी काच पुसायची

साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात महिन्यातून दोनदा तरी स्कॅनरचं वायफाय तुटतं आणि दुरुस्तीला एक ठरलेले गृहस्थ येतात. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर ‘स्कॅनरवाले’ म्हणूनच आहे. बिघाड काचेत कधीच नसतो, तरी आधी झाकण उचलून रुमालाने काच पुसणार. मग खुर्चीत तिरके बसून दमल्या आवाजात तेच सांगणार, “कॉम्प्युटरला दिसला की मोबाइलला दिसत नाही, मॅडम. मोबाइलला दिसला की कॉम्प्युटर हात वर करतो. मी तरी काय करू?”

एकदा मी दुसऱ्या नोकरीचा अर्ज गुपचूप स्कॅन करत होते, तेवढ्यात कनेक्शन गेलं. साहेबांनीच त्यांना बोलावलं आणि स्वतः कॉम्प्युटरपाशी उभे राहिले. अर्ज काचेवरच होता आणि साहेबांसमोर मला तो उचलता येईना. स्कॅनरवाल्यांनी झाकण उचललं, आत पाहिलं आणि काच न पुसताच झाकण लावलं. पाच मिनिटांत त्यांच्या मोबाइलवर स्कॅनर जोडला गेल्याचा हिरवा ठिपका आला. मला तो स्पष्ट दिसला.

“झालं? एक टेस्ट काढा,” साहेब म्हणाले.

“कुठलं, साहेब! परत गेलं. अर्धा तास तरी लागेल.”

साहेब वैतागून केबिनमध्ये गेले. मग स्कॅनरवाल्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि काच पुसली.

परवा पुन्हा आले होते. काच पुसता पुसता हळूच म्हणाले, “पाठवला का?”

“नाही हो.”

“नेटवर्क तर आलेलं त्या दिवशी, मॅडम.”