दक्षिणेच्या भिंतीचा गुलाब

आर्वो लाहतीच्या स्वयंपाकघराची दक्षिणेकडची भिंत अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या डुलुथ गावच्या त्या गल्लीत सगळ्यात उबदार. सरोवरावरचा वारा तिथवर पोचत नसे. ऑक्टोबरात इतरांचे गुलाब काळे पडले, तरी तिथे कळ्या उमलत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याची बायको हिल्मा खिडकीशी बसून तेच बघत असे.

पण त्या भिंतीशी लावलेली दोन झाडं हिवाळ्यात वाळून कोळ झाली होती. तिसऱ्याचा नुसता बुंधा तगला होता. आर्वोचा जन्म गोदीत खनिजाच्या बोटी भरण्यात गेला. बागेतलं त्याला फार कळत होतं असं नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्याने सहज भिंतीला हात लावला. सगळीकडे गोठलेलं, भिंत मात्र कोमट, आणि तिच्या पायथ्याशी बर्फ वितळून माती उघडी पडलेली. दुपारच्या उबेने झाड जागं होत होतं आणि रात्री गारठून मरत होतं. शरदातही ते त्याच उबेला भुलून कोवळे कोंब काढत राही. झोपायची तयारीच करत नसे.

"लाडावलंय ते," तो हिल्माला म्हणाला. "कोठीच्या खोलीमागे हलवतो. तिथेही वारा नाही, आणि सावलीत बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही; त्याखाली ते झोपून राहील."

"म्हणजे मला दिसणार नाही."

"इथे ठेवलं तर काटक्या दिसतील."

तिने खिडकीतून त्या बुंध्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी कोठीतला तुझा पसारा काढ. लग्न झाल्यापासून सांगतेय. तिथेही खिडकी आहे म्हणे."

माती मोकळी होताच त्याने झाड हलवलं. पसारा काढण्यात उन्हाळा गेला, आणि हिल्माची खुर्ची कोठीच्या खिडकीशी आली. शेजारचा रॉय कुंपणावरून म्हणाला, "सगळं गाव उन्हासाठी तडफडतं, आणि तू गुलाबाला सावलीत नेलंस?"

"तू हिवाळ्यात फ्लोरिडाला पळतोस रे. त्याला इथेच राहायचंय."

त्या वर्षी सप्टेंबरातच बहर संपला. शेवटची फुलं आर्वोने खुडली नाहीत, फळं धरू दिली, म्हणजे झाड नवे कोंब काढायचं थांबेल. "माझ्या आधी झोपलं हे," हिल्मा कुरकुरली. पुढे बर्फाने झाड पार झाकलं. खिडकीतून नुसता पांढरा उंचवटा दिसे; तरी तिची खुर्ची तिथून हलली नाही.

बर्फ ओसरल्यावर आर्वोने एका फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवी. त्याने आणखी वर खरवडून पाहिलं, मग दुसरी फांदी, मग तिसरी.

हिल्माने काचेवर टकटक केलं. "जिवंत आहे ना? मग सोलतोस कशाला त्याला?"