बाईचं चॅट बंद झालं तेव्हा

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. चाळिशीत टायफॉइड झाला आणि त्यानंतर तिला ऐकू येईनासं झालं. समोर बसलं की ती ओठ वाचते. पण ती तुमसरला, मी नोकरीसाठी वरठीला. फोनचा काही उपयोग नव्हता. शेवटी कारखान्यातल्या एका कॉम्प्युटर जाणणाऱ्या मित्राने तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर चॅटचा एक फुकट प्रोग्राम टाकून दिला. अक्षरं मोठी, आणि मेसेज आला की अख्खा पडदा लुकलुकायचा. तिला तो स्वयंपाकघरातूनही दिसायचा. मी एका मोठ्या चॅट-नेटवर्कवर होतो, तिची नागपूरची मैत्रीण दुसऱ्याच कंपनीच्या चॅटवर. दोघांचेही मेसेज त्या एकाच खिडकीत यायचे.

मग तिची उत्तरं येईनाशी झाली. मला वाटलं, धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत, शेतावर जात असेल. रविवारी ती बसने थेट माझ्या दारात.

"मी काही वावगं बोलली का? काहून बोलून नाही राहिला?"

"मी तं रोज लिहून राहिलो," म्हणत मी फोन पुढे केला. माझे मेसेज तिथे ओळीने होते. तिच्याकडे एकही गेला नव्हता. तिने ते सगळे वाचले, मग पाणी मागितलं.

मित्राला गाठलं.

"नेटवर्कवाल्यायनं बाहेरचे प्रोग्राम बंद केले. आता त्यायचंच ॲप पाहिजे."

"कायले? चांगलं चालू होतं ना."

"लहान होते तेव्हा दुसऱ्या कंपन्यायची माणसं पाहिजे होती, म्हणून मोकळं ठेवलं. आता सगळे आत आले. आपल्या प्रोग्राममधी त्यायच्या जाहिराती दिसत नाही. आन् बाहेरच्याशी बोलताच आलं नाही, तं तू सोडून जाशीन कुठं?"

मी नेटवर्कला सविस्तर लिहिलं: बहिणीला ऐकू येत नाही, तिला तो लुकलुकणारा पडदा लागतो. उत्तर आलं, आमचं ॲप डाउनलोड करा. तिच्या कॉम्प्युटरवर ते चालतच नव्हतं.

शेवटी तिला स्मार्टफोन घेऊन दिला. तो ओट्यावर थरथरतो आणि तिला कळत नाही. कणकेचे हात पुसून ती पुन्हा पुन्हा बघते. मैत्रिणीसाठी दुसरं ॲप, ते वेगळं उघडायचं. नेटवर्क सोडून द्यायचं माझ्या फार मनात आलं, पण कारखान्याचा ग्रुप तिथे, सगळे नातेवाईक तिथे. चिडलोय, तरी मी अजून तिथेच आहे.