साय धरेपर्यंत गणित

देवरे काकूंच्या चहावर साय धरली की आमच्या ईराचं गणित संपायचं. मग उदाहरण अर्ध्यात असो, पेन्सिल हवेत असो, नाहीतर उत्तर अगदी ओठांवर आलेलं असो. काकू बोटाने साय बाजूला सारायच्या, तो निवलेला चहा चवीने प्यायच्या आणि म्हणायच्या, "बस व्हयनं आते. ऊठ." एरवी आमच्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या काकू ‘पुरे झालं आता’ हा हुकूम मात्र त्यांच्या सटाण्याकडच्या अहिराणीत सोडायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना कुठेतरी जायची घाई असेल.

काकू आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कडक इस्तरीची सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि नजर अशी की जिन्यात आरडाओरडा करणारी पोरं आपसूक एका रांगेत खाली उतरायची. मीसुद्धा त्यांना दुरूनच नमस्कार करून सटकायचे. गणिताच्या बाईंना बघून चोरट्यासारखं चालायची माझी शाळेपासूनची सवय. दहावीला गणितात मी काठावर सुटले, त्यानंतर आकड्यांच्या वाटेला गेले नाही.

आणि नशीब बघा, गणित माझ्याच गळ्यात पडलं. ईरा चौथीत असताना गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायचं. पुढे पुढे सकाळचं दूधही पोटात ठरेना. आम्ही तिला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलं. नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकच अट घातली: दिवाळीपर्यंत पोरगी गणिताला नीट बसली तर ठीक, नाहीतर पुन्हा शाळा. अट वावगी नव्हती. मग घरी शिकवू पाहणारे बहुतेक आईबाप सुरुवातीला जे करतात तेच मी केलं. जेवणाच्या टेबलावर शाळा भरवली. सकाळी तासभर गणित, सुरू होताना मोबाइलवर घंटा, संपताना घंटा. आठवडाभरात ईरा पुन्हा पोट धरून बसली, तेव्हा मी मुकाट्याने काकूंचं दार वाजवलं.

"किती वेळ बसवतेस तिला?" काकूंनी विचारलं.

"तासभर."

"आणि त्यात ती शिकते किती वेळ?"

मी मोबाइलवरची घंटा दाखवायला लागले.

"अगं, शाळेत वर्गभर पोरं, म्हणून सगळ्यांना मिळून एक घंटा. तुझ्या घरात एकच पोरगी. तिथे घंटा कसाले?"

दुसऱ्या दिवसापासून ईरा तळमजल्यावर जायला लागली आणि मी सोबतीला. काकू कपात वाफाळता चहा ओतायच्या, तो टेबलाच्या मधोमध ठेवायच्या आणि तिथून गणित सुरू. थंडीत चहा लवकर निवायचा, उन्हाळ्यात जरा टिकायचा. इतक्या लवकर का उठवता, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "पानावरून उठताना घासभर भूक ठेवावी म्हणतात ना? गणितालाही तेच. पोट फुटेस्तोवर वाढलं की पोरगं उद्या ताटावर यायचं नाही."

ईरा काही कमी नाही. तिने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच चहावर हळूच फुंकर मारायला सुरुवात केली. गाल फुगवून, दुसरीकडे बघत. मी डोळे वटारले. काकूंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. नंतर म्हणाल्या, "मारू दे फुंकर. तिला वाटतं, मी सुटले. सुटका होते हे कळलेलं पोर पुन्हा यायला भीत नाही." माझ्या उभ्या आयुष्यात गणिताच्या कुठल्या बाईंनी मुलांना पळायला वाट ठेवलेली मी पाहिली नव्हती.

एका रविवारी नितीनचा धीर सुटला. "एवढ्याशा वेळात काय होणार?" म्हणत त्याने ईराला भागाकाराची उदाहरणं घालून सकाळभर बसवलं. एकात बाकी उरली. ईरा घाबरली, तिला वाटलं उत्तर चुकलं. तिने ते खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा बाकी उरली. जेवायच्या वेळेला पोट धरून ती पलंगावर आडवी झाली. सोमवारी खाली यायलाच तयार नाही. कशीबशी नेली, तर दारातच रडायला लागली. मला वाटलं, संपलं. इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात गेलं.

काकूंनी "काय झालं" म्हणूनही विचारलं नाही. चहा ओतला. मूठभर शेंगदाणे टेबलावर ठेवले. "तिघींत सारखे वाट." ईराने हुंदके देत वाटले. दोन उरले. तिने भेदरून काकूंकडे पाहिलं.

"उरले ना? उरू दे की. सगळंच पुरतं वाटलं जातं का कुठे?" असं म्हणून काकूंनी ते दोन्ही दाणे उचलून तोंडात टाकले. ईराला रडता रडता हसू फुटलं. त्याच क्षणी काकूंनी कप उचलला. चहातून अजून वाफा निघत होत्या. साय कुठली, बोट बुडवलं असतं तर पोळलं असतं. पण पोरगी हसतेय तोवरच तिला उठवायचं होतं. त्यांनी तो कढत चहा घटाघटा पिऊन टाकला, डोळ्यांतलं पाणी पदराने टिपलं आणि म्हणाल्या, "बस व्हयनं आते. ऊठ."

मी बघतच राहिले. इतके दिवस मी समजत होते की बाई चहाकडे बघून तास चालवतात. त्या चहाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर सगळा वेळ पोरीच्या चेहऱ्यावर होती.

त्यानंतर गाडी हळूहळू रुळावर आली. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस ईराने काय करावं? चहा ओतल्या ओतल्या त्यावर बशी झाकली. गरम राहावा म्हणून! काकूंनी शांतपणे बशी काढून ठेवली, आणि साय धरल्यावर तिला नेहमीसारखंच उठवलं. ईरा पाय आपटत वर गेली. मी काकूंशी भांडलेच. "अहो, आज तिला हवं होतं!"

"हवं शे, म्हणूनच उठवली," काकू म्हणाल्या.

दिवाळी झाली. नितीनने अटीचा विषय काढला नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. पण संक्रांतीनंतर काकूंच्या आईने अंथरूण धरलं आणि काकू कायमच्या सटाण्याला जायला निघाल्या. मी गाडीपर्यंत त्यांच्या मागे गेले. "आता गणित कोण घेणार? मला येत नाही हो काकू, मी शिकवूच शकत नाही."

"तू शिकवू नकोस. नुसती शेजारी बैस," त्या गाडीत बसता बसता म्हणाल्या. एवढंच. पुढे कधी फोनवरसुद्धा त्यांनी गणिताचं काही विचारलं नाही. आईचं औषधपाणी आणि कांद्याची लागवड, बोलायचं ते इतकंच.

काकू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन कपडे करून तयार होता. शाळेत प्रवेशाची चौकशी करायला जायचं आमचं रात्रीच ठरलं होतं. तेवढ्यात ईरा पुस्तक घेऊन टेबलाशी आली आणि शेजारची खुर्ची तिने माझ्यासाठी ओढली.

"आई, बस. अपूर्णांक मी तुला दाखवते. तू घाबरू नको हं."

मी बसले. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, उलगडून दाखवली. मी चुकले. तिने खोडलं नाही, नुसती वाट बघितली. मग मला एक आलं. पाठोपाठ दुसरं आलं. छेद सारखे का करायचे असतात, हे उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. नितीन दारात उभा राहून बघत होता. त्याने पायांतले बूट काढले.

आणि ईराने पुस्तक मिटलं. "आज एवढंच."

"अगं, थांब!" मी जवळजवळ ओरडलेच. "आत्ता कुठे कळायला लागलं होतं. अजून एक दे ना, एकच!"

तिने पुस्तक पाठीमागे धरलं आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"उद्या," ती म्हणाली.