भावोजी आणि टेबलाखालचं कुत्रं

बेंगळुरूत भिण्यासारखं जे जे काही आहे, त्याला आमचे भावोजी आधीच भिऊन ठेवतात. इतरांच्या वाट्याला फारसं उरतच नाही. बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर आहेत. कुठलंही नवं यंत्र आत येण्याआधी त्यापासून काय काय होऊ शकेल याची यादी करायची, हे त्यांचं काम. नोकरीमुळे माणूस असा झाला, की असा होता म्हणून ती नोकरी मिळाली, हे अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीलाही, लग्नाला पंधरा वर्षं होऊन सांगता येत नाही.

अशा माणसाला देवानं दोन मुली दिल्या आणि दोघींना प्राण्यांचं वेड दिलं. ससा मागितला, तर त्याच्या केसांनी दमा. पोपट, तर चोचीनं डोळा. निदान मासे तरी आणा, म्हणून धाकटी रडली, तेव्हा काचेची पेटी फुटून पाणी विजेच्या बोर्डात कसं जाईल याचं चित्र त्यांनी स्वतः काढून दाखवलं. चित्र चांगलं होतं. कुत्र्याचा विषय मात्र चित्रापर्यंत पोचायचाच नाही. लहानपणी चिकपेटच्या गल्लीत एका कुत्र्यानं त्यांची पोटरी धरली होती. तेव्हापासून कुत्रं दिसलं की ते रस्ता ओलांडतात, आणि पलीकडेही एक असलं तर रिक्षा करतात. "अप्पा, ते काही करत नाही," असं थोरली म्हणे. "अजून केलं नाही," असं भावोजी म्हणत. मला हसू येई. पण त्यांच्या कपाळावर खरोखरचा घाम असे.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी मी एचएसआर लेआउटला त्यांच्याकडे होतो. घर तळमजल्यावर, दार उघडं. फाटकाशी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि गल्लीतलं तपकिरी कुत्रं सरळ आत येऊन जेवणाच्या टेबलाखाली शिरलं. भावोजी खुर्चीवर चढले. मुली टेबलाखाली वाकल्या. "अप्पा, राहू दे ना याला. कायमचं."

"आधी बाहेर काढ ते," भावोजी मला म्हणाले.

"स्वल्प थांबा हो," अक्का म्हणाली. "आवाज संपला की जाईल."

मी झाडू घेतला. तेवढ्यात दुसरी माळ सुरू झाली, आणि टेबलावरच्या फराळाच्या ताटल्या खुळखुळू लागल्या. भावोजींनी खुर्चीवरूनच वाकून पाहिलं. कुत्रं टेबलाच्या पायाला पाठ लावून थरथरत होतं.

"हे घाबरलंय," ते म्हणाले.

"हो," थोरली म्हणाली. "तुमच्यासारखं."

ते उतरले, आतल्या खोलीत गेले आणि कारखान्यात कामगार कानांवर लावतात ते जाडजूड इअरमफ घेऊन आले. चेहरा पांढराफटक पडला होता. फरशीवर बसले, ओणवे झाले आणि टेबलाखाली सरकले. कुत्र्याच्या डोक्यावर इअरमफ काही केल्या बसेनात. हात काढला की घसरत. म्हणजे दोन्ही हातांनी दाबून धरणं आलं, आणि तोंडासमोर वीतभरावर ते दात. फटाके थांबेपर्यंत, चांगला दीड तास, भावोजी डोळे मिटून तसेच बसले. कुत्रंही थरथरत होतं, तेही थरथरत होते. आधी कुत्र्याचं थांबलं.

कुत्रं राहिलं. भावोजींची भीती गेली असं मात्र कुणी समजू नये. पूर्वी ते कुत्र्याला भीत, आता कुत्र्यासाठी भितात. त्यानं एक वेळचा भात सोडला की मला फोन येतो, "अरे, त्याचा चेहरा मला बरा दिसत नाहीये." मी व्हाइटफील्डला एकटा राहतो. मोकळा आहे, असं लोकांना सांगतो. पण परवा त्यांच्याकडून निघताना, चष्मा कपाळावर चढवून कुत्र्याच्या पंजात काटा शोधत बसलेले भावोजी दिसले, आणि वाटलं, आपल्यासाठीही कुणीतरी एवढं भ्यायला हवं होतं.